फरशीला अभय

वृद्धाश्रमात एखादा रहिवासी पडतो तेव्हा वय, चक्कर, दैव, झिजलेली चप्पल आणि ‘सांगूनही न ऐकण्याची सवय’ अशी कारणे पुढे येतात. फरशीचे नाव मात्र सहसा निघत नाही, कारण फरशी संस्थेच्या मालकीची असते आणि बाकीची सर्व कारणे रहिवाशाच्या मालकीची. ज्येष्ठांच्या पतनाचे अवघे शास्त्र मालकीच्या या वाटणीवर उभे असून, नाशिकच्या गंगापूर रोड किंवा त्र्यंबक रोडच्या परिसरातील एखाद्या बंगल्यावर ‘ज्येष्ठांचे हक्काचे घर’ अशी पाटी लागली की त्या शास्त्राचे आणखी एक अध्ययनकेंद्र उघडले, असे मानण्यास हरकत नसावी.

नाशिकची हवा हे या व्यवसायाचे मुख्य भांडवल आहे. मुंबई-पुण्यात नोकरी करणाऱ्या अथवा परदेशी स्थायिक झालेल्या मुलांना माहितीपत्रकात हवा, शांतता, सात्त्विक भोजन आणि गोदाकाठ यांची वर्णने वाचावयास मिळतात. मध्यरात्री किती रहिवाशांमागे किती मावशी जाग्या असतात, हा आकडा मात्र त्यात छापण्याची प्रथा नाही. पडण्याचा प्रश्न बराचसा याच आकड्यात दडलेला असल्यामुळे प्रथेमागची दूरदृष्टी वाखाणण्याजोगी आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगभरात दरवर्षी सुमारे 6 लाख 84 हजार माणसे पडल्यामुळे मृत्युमुखी पडतात आणि त्यांत साठी ओलांडलेल्यांचे प्रमाण सर्वाधिक असते. कारणे गूढ नाहीत. झोपेची गोळी, संध्याकाळी उशिरा दिलेली लघवी वाढवणारी गोळी, मोतीबिंदू, मधुमेहाने बधिर झालेले तळपाय, आणि उभे राहताक्षणी रक्तदाब उतरणे, म्हणजे पलंगावरून झटकन उठल्यावर मेंदूला पुरेसे रक्त न पोचून डोळ्यांपुढे अंधारी येणे, या सर्वांची गाठ पलंग ते संडास या दहा पावलांच्या वाटेवर पडते. उपायही तितकेच नीरस आहेत: कमोडच्या दोन्ही बाजूंना भिंतीत पक्के बसवलेले दांडे, खरबरीत फरशी, रात्रीचा मंद दिवा, बुटका पलंग, हाताला येईल अशी घंटा, टाच झाकणारी पादत्राणे, तोल सांभाळण्याचा रोजचा व्यायाम, डॉक्टरांकडून गोळ्यांची वेळोवेळी फेरतपासणी आणि ठरावीक वेळी स्वतःहून ‘बाथरूमला जायचं का, आजी?’ असे विचारणारे माणूस. यांपैकी एकाही गोष्टीचे छायाचित्र माहितीपत्रकात शोभत नाही, म्हणून खर्च दर्शनी दालनातील चकचकीत फरशीवर आणि कारंज्यावर होतो, हे व्यवहाराला धरूनच म्हटले पाहिजे.

रहिवाशाला खुर्चीला किंवा पलंगाला बांधून ठेवणे हा एक स्वस्त उपायही अधूनमधून सुचवला जातो. बांधलेला माणूस पडत नाही असे वाटते खरे, पण त्याचे स्नायू झिजतात, सुटण्याच्या धडपडीत इजा अधिक गंभीर होते आणि पुढे तो उठतही नाही. अमेरिकेने 1987 मध्येच कायदा करून केवळ कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी असे बांधण्यास मनाई केली. पडल्यानंतरचा उपाय याहून साधा असतो. ‘मुका मार आहे’ असे निदान करून मलम चोळले जाते आणि घरी फोन दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जातो, जेव्हा पाय आखूड दिसू लागलेला असतो आणि बाहेरच्या बाजूला वळलेला असतो, म्हणजेच खुब्याचे हाड मोडल्याची खूण पाठ्यपुस्तकाबाहेर अवतरलेली असते. या हाडाची शस्त्रक्रिया शक्यतो एक-दोन दिवसांत व्हावी, अन्यथा अंथरुणाला खिळलेल्या देहात न्यूमोनिया, रक्ताच्या गुठळ्या आणि शय्याव्रण हे पाहुणे मुक्कामाला येतात, ही माहिती मलमाच्या डबीवर छापलेली नसते.

कायद्याने या सर्व प्रकारात काय केले, हे पाहण्यापूर्वी मराठी मनाची घडण ध्यानात घ्यावी लागते. नाशिककर वि. वा. शिरवाडकर यांचे ‘नटसम्राट’ 1970 मध्ये रंगभूमीवर आले आणि म्हातारपणाच्या शोकांतिकेतील गुन्हेगार मुलाच्या अथवा मुलीच्या घरीच सापडतो, ही खूणगाठ दोन-तीन पिढ्यांनी रुमाल ओला करून बांधून घेतली. संसदेने 2007 मध्ये केलेला आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थ व कल्याणाचा कायदा याच प्रेक्षकवर्गाचा दिसतो. निर्वाहखर्च न देणाऱ्या मुलांविरुद्ध प्रांताधिकाऱ्यांच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढे, म्हणजे निर्वाह न्यायाधिकरणापुढे, दाद मागता येते. महिना कमाल 10,000 रुपये मंजूर होऊ शकतात. ज्येष्ठाला टाकून देणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मुलाने महिन्याचे शुल्क वेळेवर भरून वडिलांना एखाद्या बंगल्यात ठेवले आणि वडील तेथे ओल्या मोरीत पडले, तर या नाटकात त्या मोरीला पात्रच नाही. कलम 19 प्रमाणे राज्य शासन प्रत्येक जिल्ह्यात किमान 150 निराधार ज्येष्ठांसाठी वृद्धाश्रम स्थापन ‘करू शकेल’, आणि उतार, कठडे यांचा विचार नियम करणाऱ्यांना सुचला तो अशा शासकीय आश्रमांपुरता. पैसे मोजून राहणारा ज्येष्ठ निराधार नसल्यामुळे त्याला कठड्याचा आधार लागत नसावा.

महारेराने, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाने, 2024 मध्ये निवृत्तांच्या गृहप्रकल्पांसाठी नमुना मार्गदर्शक तत्त्वे काढून रुंद दारे, न घसरणाऱ्या फरश्या आणि स्नानगृहातील दांडे यांचा तपशील ठरवून दिला. सदनिका विकत घेणाऱ्या ज्येष्ठाचा पाय घसरू नये, याची काळजी अशा रीतीने घेतली गेली. खाट भाड्याने घेणाऱ्याचा पाय हा स्थावर मालमत्तेच्या व्याख्येत बसत नाही.

खासगी रुग्णालयांना लागू असणारा 1949चा महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायदा आजार, इजा किंवा दुर्बलता असलेल्यांना ठेवून त्यांच्यावर उपचार व शुश्रूषा करणाऱ्या जागेला नोंदणी सक्तीची करतो, आणि शहरात ही नोंदणी महापालिकेकडे होते. नाकातून नळीने अन्न घेणारे, अंथरुणावर पडून असलेले रहिवासी ठेवणारी संस्था जाहिरातीत ‘चोवीस तास नर्सिंग’ देते आणि नोंदणीचा विषय निघताच ‘आमचे फक्त घर आहे’ असे विनयाने सांगते. विनय हा अंगी मुरलेला असावा लागतो. संस्था धर्मादाय न्यास असेल तर धर्मादाय आयुक्तांकडे तक्रार करता येते, पण तेथे चौकशी विश्वस्तांच्या कारभाराची होते, पायाची नाही.

27 ऑगस्ट 2003 रोजी सिंहस्थाच्या गर्दीत नाशिकमध्ये चेंगराचेंगरी होऊन 39 भाविक दगावले. त्यानंतर उतार, कठडे आणि गर्दीचे मार्ग हे शासकीय चिंतनाचे विषय झाले आणि आगामी सिंहस्थाच्या तयारीतही ते आहेत. वृद्धाश्रमातील माणसाची चूक एवढीच, की तो एकटा आणि पर्वणी नसताना पडतो.

कुटुंबाच्या हाती जे खरे हत्यार उरते ते 2019चा ग्राहक संरक्षण कायदा. पैसे घेऊन दिलेली राहण्याजेवण्याची सोय ही या कायद्याने ‘सेवा’ ठरते, शुल्क मुलाने भरले तरी सेवेचा लाभ घेणारी आई स्वतः ग्राहक मानली जाते, आणि तिचा मृत्यू झाल्यास तिचे वारस तक्रार करू शकतात. विनामूल्य सेवा तेवढी वगळली आहे. निष्काळजीपणा तर सेवेतील त्रुटी आहेच, परंतु माहिती जाणूनबुजून दडवणे हीदेखील त्रुटीच असल्याचे व्याख्येत स्पष्ट म्हटले असल्यामुळे उशिरा केलेला तो फोन पडण्याइतकाच महाग ठरू शकतो. घटनेपासून दोन वर्षांच्या आत, तक्रारदार जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार दाखल करता येते आणि भरलेले शुल्क पाच लाखांपर्यंत असेल तर आयोगाची फी लागत नाही. प्रवेशाच्या वेळी ‘पडल्यास संस्था जबाबदार राहणार नाही’ असे हमीपत्र लिहून घेतलेले असते, त्याने कुटुंब घाबरते. वास्तविक स्वतःच्या निष्काळजीपणाची माफी आगाऊ वसूल करणारा कागद आयोगाने निमूटपणे मानावा असा नियम नाही. आयोगापुढे टिकतात ते दुसरे कागद: प्रवेशाच्या वेळी सांगितलेले आजार, आधीच्या पडण्यांच्या नोंदी, रात्रपाळीची हजेरी, रुग्णालयाची कागदपत्रे, आणि सीसीटीव्हीचे चित्रण, जे नेमके त्या रात्री बंद असण्याचा पायंडा असल्यामुळे ते जपून ठेवण्याची लेखी मागणी पहिल्याच दिवशी करावी लागते.

फौजदारी मार्गही आहे. हाड मोडणे ही भारतीय न्याय संहितेत ‘जबर दुखापत’ असून बेदरकारपणे किंवा निष्काळजीपणे ती घडवणाऱ्यास कलम 125 खाली तीन वर्षांपर्यंत, आणि निष्काळजीपणाने मृत्यू ओढवल्यास कलम 106 खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. असहाय माणसाची देखभाल करण्याचा करार करून ती जाणूनबुजून न करणाऱ्यासाठी 1860च्या दंड संहितेत स्वतंत्र कलम होते, त्यातील दंड 200 रुपये. नव्या संहितेच्या कलम 357 ने तो 5,000 वर नेला. दीड शतकाहून अधिक काळाच्या चिंतनानंतर शासन अशा आकड्यावर पोचले आहे, की तो बहुतेक संस्थांच्या एका महिन्याच्या शुल्कातून सुखाने फिटावा. खासगी देखभाल-गृहांना नोंदणी आणि किमान मानके लावू पाहणारे विधेयक डिसेंबर 2019 मध्ये लोकसभेत मांडले गेले आणि 2024 मध्ये लोकसभेबरोबर व्यपगत झाले, म्हणजे मतदानाविनाच निकाली निघाले.

तक्रारींची संख्या कमी का, याचे उत्तर कायद्यात नसून अनामत रकमेत आहे. सामान नेण्यास आलेल्या मुलाला उरलेली अनामत परत मिळण्यापूर्वी ‘संस्थेच्या सेवेबद्दल काहीही तक्रार नाही’ अशा मजकुराखाली सही करावी लागते. दबावाखाली घेतलेल्या अशा सहीने ग्राहक आयोगाचे दार आपोआप बंद होत नाही, परंतु ही गोष्ट त्या मजकुरात नसते. आणि गाडी खाली उभी असते, रुग्णालयाचे बिल भरायचे असते, शिवाय कार्यालय दुपारी एक वाजता बंद होत असते.