नेपथ्य छान होतं

मराठी माणसाला नाटक आवडलं नाही की तो 'नेपथ्य छान होतं' असं म्हणतो. नट ओळखीचा निघाला आणि मेकअप पुसत समोर येऊन उभाच राहिला, तर प्रकाशयोजनेचीही तारीफ होते. सिनेमाच्या बाबतीत हीच सोय 'लोकेशन मस्त घेतलंय' या वाक्याने करून ठेवली आहे. माझा भाचा फिल्म क्लबात जातो, त्यामुळे तो 'फ्रेमिंग' म्हणतो. त्याने फ्रेमिंग म्हटलं की मी ओळखते, याला मध्ये झोप लागली होती.

माझी अडचण वेगळी आहे. मला मत असतं, पण ते वेळेवर येत नाही. पडद्यावर नावं सरकू लागतात, दिवे लागतात, सफाईची मुलं झाडू घेऊन दारात येतात आणि सरकत्या जिन्यावर पाय ठेवायच्या आत नवरा विचारतो, 'मग? कसा वाटला?' पार्किंगचे पैसे भरेपर्यंत काहीतरी तयार हवं असतं. त्या वेळी मला फक्त भूक लागलेली असते. मत येतं ते दोन-तीन दिवसांनी, भाजी निवडताना, आणि तोवर कुणाला ते नको असतं. ग्रुपवर पुढचा सिनेमा सुरू झालेला असतो. तिथे शुक्रवारी सकाळी, पहिल्या खेळाच्याही आधी, 'अप्रतिम! चुकवू नये असा!' येऊन पडलेलं असतं. लिहिणाऱ्याने सिनेमा पाहिलेला नसतो, पण दिग्दर्शकाचा मावसभाऊ त्याच्या शेजारी राहत असतो.

आमच्या इमारतीतले एक निवृत्त बँक अधिकारी प्रत्येक सिनेमाला पाचातून गुण देतात. साडेतीनच्या खाली ते उतरत नाहीत आणि चारच्या वर चढत नाहीत. कर्जमंजुरीच्या टेबलावर जन्म गेला, त्याची ही सावधगिरी असावी.

या सगळ्यांत माझा विश्वास आत्यावर. आत्या टेलिफोन खात्यातून निवृत्त झाली, नौपाड्यात एकटी राहते आणि माझ्याबरोबर सिनेमाला येते, कारण मी तिला जिन्याच्या कडेची खुर्ची काढून देते. कथा, पटकथा, दिग्दर्शन यांच्याशी तिचं देणंघेणं नाही. तिची नजर पडद्याच्या भलत्याच कोपऱ्यात असते. नायिका खिडकीशी उभी राहून आयुष्याचा विचार करत असते, तेव्हा आत्या मागच्या ओट्यावरचं दूध बघत असते.

'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट' आम्ही एकत्र पाहिला. 2024 साली कान महोत्सवात या चित्रपटाला ग्रां प्री मिळालं. 1994 च्या 'स्वाहम'नंतर तब्बल तीस वर्षांनी एक भारतीय चित्रपट तिथल्या मुख्य स्पर्धेत पोहोचला होता, हे सगळं मी तिला रिक्षात सांगितलं. तिने पर्समध्ये लवंग आहे का ते पाहिलं. पायल कपाडियाच्या या चित्रपटात मुंबईतल्या मल्याळी परिचारिका आहेत, पावसाळी लोकल आहेत, रात्रीचे निळे उजेड आहेत. संवाद बरेचसे मल्याळममध्ये आणि खाली इंग्रजी अक्षरं. 'वाचून होईपर्यंत पुसतात,' आत्या म्हणाली, 'म्हणून मी बायकांचे चेहरेच बघत बसले.' मला वाटतं, एवढ्या चांगल्या पद्धतीने तो चित्रपट फार थोड्यांनी पाहिला असेल.

त्यात एक प्रसंग आहे. प्रभा या परिचारिकेचा नवरा जर्मनीत आहे, त्याचा फोनसुद्धा येत नाही. एक दिवस पार्सल येतं, त्यात भाताचा लाल कुकर. पाठवणाऱ्याचं नाव नाही. रात्री प्रभा स्वयंपाकघरात खाली बसून त्या कुकरला मिठी मारते. या मिठीवर समीक्षकांनी बरंच लिहिलंय. आत्याने मध्यंतरात आधी विचारलं, 'जर्मनीचा प्लग आपल्याकडे कसा बसेल गं?' आणि मग पॉपकॉर्न नको म्हणताना, सहज, 'नवऱ्याने एकटीपुरत्या भाताचं भांडं पाठवलं. म्हणजे तू एकटीच जेव, असंच कळवलं की.'

मी जे दोन-तीन दिवसांनी भाजी निवडताना म्हणणार होते ते हेच असतं, पण इतकं नीट जमलं नसतं.

छाया कदमने त्यात हॉस्पिटलात स्वयंपाक करणारी पार्वती केली आहे. तिच्या खोलीवर बिल्डरचा डोळा आहे, खोली आपली असल्याचा कागद तिच्यापाशी नाही, आणि शेवटी ती सामान उचलून रत्नागिरीकडच्या गावी परत जाते. मला हा भाग थोडा सुटा वाटला. मुंबई सुटली आणि समुद्र आला की चित्रपट एकदम स्वप्नात शिरतो, मला त्या चाळीत अजून थोडं थांबायचं होतं. आत्या मात्र थांबली होती. घरी जाऊन तिने कपाट उपसलं आणि सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट शोधून काढलं. ते शालूच्या घडीत होतं आणि त्यावर अजून आतोबांचंच नाव होतं, त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली तरी. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरीला बोलावून तिने फ्लॅट नावावर करून घ्यायचा अर्ज केला, वर नॉमिनेशनचा फॉर्मही भरला. कानच्या परीक्षकांनी त्या चित्रपटाला काय दिलं ते जगाला ठाऊक आहे. आमच्या घराण्यात त्याची एवढी ठोस फलश्रुती झाली.

पुढच्या मार्चमध्ये 'स्थळ' आला. जयंत सोमलकर यांनी चंद्रपूर जिल्ह्यातल्या आपल्याच डोंगरगावात, तिथल्याच माणसांना घेऊन तो केला. 2023 साली टोरांटोच्या महोत्सवात गौरव झाला, ठाण्यापर्यंत यायला 2025 उजाडलं आणि तोही आडवेळी. शेजारच्या पडद्यांवर 'छावा' चालू होता. भिंतीपलीकडून तलवारींचा खणखणाट ऐकू येत होता आणि अलीकडे सविताला उंची विचारली जात होती. सविता कॉलेजात समाजशास्त्र शिकते, स्पर्धापरीक्षेची तयारी करते, बापाची कापसाची शेती. तिला बघायला पुरुषांचा घोळका येतो, रांगेने बसतो आणि विचारतो: नाव, शिक्षण, उंची, आवड. घोळका जातो. दुसरा येतो. नाव, शिक्षण, उंची, आवड.

नवऱ्याचं मत पार्किंगमध्ये तयार होतं, 'विषय चांगला आहे, पण तोच सीन परत परत काय दाखवायचा?' मी म्हणणार होते की अहो, सगळी कारागिरी त्या परत परतमध्येच आहे, पहिल्यांदा आपण हसतो, नंतर अस्वस्थ होतो आणि पुढे त्या प्रश्नांची इतकी सवय होते की आपणच मनात उंची मोजू लागतो. तेवढ्यात मागच्या सीटवरून आत्या म्हणाली, 'तुला बघून कंटाळा आला. मी किती वेळा बसले होते, विचार तुझ्या सासऱ्यांना.' गाडीत शांतता झाली. मग ठाणे स्टेशनचा पूल ओलांडताना ती तिच्या खऱ्या आक्षेपाकडे वळली. 'सगळे पुरुषच कसे आले? आमच्याकडे एक तरी मावशी यायची. साडी कशी नेसलीये ते बघायची, मागच्या अंगणात नेऊन दात बघायची. हे लोक नुसती उंची विचारून गेले.' आत्याच्या मते विदर्भातली पद्धत ढिली होती.

मराठी सिनेमाविषयी वाईट बोलायला आपण बिचकतो, याचीही इथे नोंद हवी. 'मराठी सिनेमा जगला पाहिजे' हे म्हणणाऱ्यांत मीही आहे, पण त्यामुळे मराठी सिनेमाचं परीक्षण हे आजाऱ्याला भेटायला गेल्यासारखं होतं. तब्येत बरी दिसतेय म्हणायचं आणि निघायचं. 'स्थळ'ला या दयेची गरज नाही. तो कुठल्याही भाषेत उभा राहिला असता.

'दशावतार'ला तर नाहीच नाही. सप्टेंबरात तो आला आणि मराठी चित्रपटाला तिकीट मिळत नाही, अशी तक्रार बऱ्याच काळाने ऐकू आली. 1944 साली जन्मलेल्या दिलीप प्रभावळकरांनी त्यात बाबुली मेस्त्री हा दशावतारी नट उभा केला आहे. डोळे अधू होत चाललेत, मुलगा म्हणतो आता थांबा, आणि याचा पाय काही रंगमंचावरून निघत नाही. हा बापलेकाचा भाग मला इतका आवडला की पुढे खाणवाले आले, सूड आला, एकेक अवतार धारण करून एकेकाचा हिशेब चुकता होऊ लागला, तेव्हा मला कुणीतरी चांगल्या गप्पांतून उठवून मिरवणुकीत ढकलल्यासारखं झालं. उत्तरार्ध ताणलेला आहे, आवाजी आहे, आणि खलनायकांना स्वतःच्या दुष्टपणाची फार खात्री आहे. हे माझं मत होतं आणि आहे.

पण मत कुठे द्यावं यालाही काही अक्कल लागते. माझं सासर कुडाळ तालुक्यातलं. दिवाळीत तिथे जेवताना मी 'उत्तरार्ध थोडा...' एवढंच म्हटलं. नवऱ्याने पाण्याचा पेला उचलला. तो त्या सिनेमात रडला होता. सासूबाई वाढत होत्या, माझ्या ताटात बांगड्याचा शेपटीकडचा तुकडा आला. अप्पांनी, म्हणजे सासऱ्यांनी, हात धुतले आणि विचारलं, 'तू राती जागून दशावतार कधी बघलंस काय?'

'एकदा बघितला होता, अप्पा. जत्रेत.'

'किती वाजेसर?'

मी दोनच्या सुमारास चटईवर आडवी झाले होते. ते अप्पांना पाठ होतं, त्यांनीच माझ्या अंगावर शाल घातली होती.

मग अप्पा दीड तास बोलले आणि त्यात सिनेमा फारसा नव्हता. लिहिलेली संहिता नसते, आख्यान ठरतं आणि संवाद नट उभ्या उभ्या रचतात. देवळासमोर नट पेटी उघडून बसतो, स्वतःचा रंग स्वतः लावतो. आधी गणपती, मग संकासुर, मग आख्यान. बाईचं काम करणारा पुरुष नऊवारीत असा येतो की गावातल्या बायका नेसण शिकून घेतात. पेटी, मृदंग, झांज. पहाटे दहीकाला. कुठल्या कंपनीचा कोण राजपार्टी कसा होता, हे सांगताना अप्पा दोनदा उठून उभे राहिले.

'मग सिनेमा कसा वाटला तुम्हाला?' मी विचारलं.

प्रभावळकर त्यांना पसंत होते. 'चेडवा, तो माणूस गावचोच वाटता.' दिग्दर्शक सुबोध खानोलकर यांच्यावरही राग नव्हता. त्यांचा आक्षेप एकच होता. पडद्यावर दशावतार बघणारे लोक सगळे टक्क जागे असतात. खऱ्या दशावतारात तीन वाजता अर्धं गाव घोरत असतं आणि राक्षस यायच्या वेळी मृदंगवाला मुद्दाम अशी थाप मारतो की पोरं दचकून उठतात. 'झोप नाय दाखवल्यानी,' अप्पा म्हणाले. ही टीका मी कुठल्याही परीक्षणात वाचली नाही. बांगड्याचा पुढचा तुकडा मात्र मला दुसऱ्या दिवशीही मिळाला नाही.

त्याच सप्टेंबरात, आठवड्याच्या अंतराने, रोहन कानवडे यांचा 'साबर बोंडं' लागला होता. सनडान्सला त्या वर्षी जागतिक चित्रपट विभागाचं सर्वोच्च परीक्षक पारितोषिक मिळवलेला आपला मराठी सिनेमा. वडील गेले म्हणून मुंबईचा आनंद दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो, तिथे त्याचा लहानपणचा मित्र बाळ्या भेटतो आणि दोघांतलं प्रेम हळूहळू आपल्यालाही दिसू लागतं. पार्श्वसंगीत नाही. कुणी किंचाळत नाही. आई सगळं जाणून आहे. मला विचाराल तर त्या वर्षातला हा सगळ्यात चांगला चित्रपट, आणि हे मत मला सरकत्या जिन्यावरच आलं, भाजीपर्यंत थांबावं लागलं नाही. कॅमेरा एका जागी ठेवून माणसांना बसू द्यायला धीर लागतो, तो यांच्यापाशी आहे.

आत्याला मध्ये डुलकी लागली. 'झोपले तेव्हा दोघं झाडाखाली पडले होते, उठले तेव्हाही झाडाखालीच. म्हणजे माझं काही हुकलं नाही,' ती म्हणाली. पण सुतकातली माणसं तिने जागेपणी बघितली होती. दहावा व्हायच्या आत पोराच्या लग्नाचं काढणारे नातेवाईक बघून ती अंधारात मोठ्याने म्हणाली होती, 'आले!' पुढच्या रांगेतली दोन मुलं मागे वळून हसली.

परत येताना इमारतीच्या लिफ्टमध्ये बँकवाले भेटले. कुठला बघितला, असं त्यांनी विचारलं. नाव ऐकल्यावर त्यांनी लिफ्टच्या आरशात मागे कुणी नाही ना ते पाहिलं, आवाज खाली आणला आणि म्हणाले, 'तो... म्हणजे... त्या दोघांचा ना? वाचलं मी. घरच्यांबरोबर बघण्यासारखा आहे का?'

'हो, हो, त्या दोघांचाच,' आत्या म्हणाली. तिला हल्ली कमी ऐकू येतं, त्यामुळे ती सगळ्या इमारतीला ऐकू जाईल असं बोलते. 'मुलाला घेऊन जा. सुतक इतकं बरोबर दाखवलंय! तुमच्या मुलाला दहाव्याचं काही ठाऊक नसेल, पुढे तुमच्याच वेळी उपयोगी पडेल.'

ते तिसऱ्या मजल्यावर उतरले. राहायला पाचव्यावर आहेत.