परीक्षेच्या वेळापत्रकास अनावृत पत्र

राजमान्य राजेश्री वेळापत्रकसाहेब यांचे सेवेशी,

सा. न. वि. वि.

दरसाल फेब्रुवारी-मार्चात आपली स्वारी निघाली की दहावी-बारावीच्या नऊही विभागीय मंडळांच्या मुलुखात सकाळचे अकरा आणि दुपारचे तीन या दोन ठोक्यांखेरीज अन्य काळाचे अस्तित्व उरत नाही. सिंधुदुर्गात सूर्य गडचिरोलीच्या मागाहून वीस-पंचवीस मिनिटांनी उगवतो, ही त्याची जुनी बेशिस्त. आपण तिची दखल घेतली नाही, हे योग्यच झाले.

अकराच का, असे अज्ञ पालक पुसतात. मोहोरबंद पाकिटे परिरक्षकाच्या ताब्यातून निघून आडगावच्या केंद्रावर दाखल व्हावयाची, बाकांवर आसनक्रमांक पडावयाचे, वाडीवरच्या मुलीस एसटी मिळावयाची, आणि हे सारे साडेदहाच्या हजेरीआधी उरकावयाचे, हा व्याप ज्यांनी पाहिला नाही, त्यांना परीक्षार्थीची भूक पाकिटांच्या सोयीमागे का ठेवली, हे कसे उमगावे? एकाच विद्यार्थ्याचे दोन विषय एका वेळी येऊ नयेत, म्हणून जर्मन-जपानीसारखे विरळ विषय तीनच्या सत्रात सरकतात; विदर्भात त्या वेळी ऊन कसे असते, हा मात्र भूगोलाचा प्रश्न, आणि भूगोलाचा पेपर निराळा.

पूर्वी प्रश्नपत्रिका दहा मिनिटे अगोदर वाचावयास देण्याचा प्रघात होता. ती भ्रमणध्वनीवरून फिरू लागल्याचा बोभाटा झाला, आणि 2023 साली ती दहा मिनिटे प्रारंभाकडून खुडून अखेरीस जोडण्यात आली. शांतपणे वाचण्याची दहा मिनिटे व घाईने खरडण्याची दहा मिनिटे आपल्या जमाखर्चात समान मोलाची ठरली. हिशेब चोख आहे.

खरा कसूर विद्यार्थ्यांचाच. रात्री दोनपर्यंत जागून ते मेंदूस मध्यरात्रीची सवय लावतात आणि दुपारी तीनला तो पेंगला की आपणांस बोल लावतात. म्हणून मी भाच्यास उपदेश केला, की परीक्षेपूर्वी पंधरवडाभर ज्या सत्राचा विषय त्याच सत्रात, घड्याळ लावून, सरावाची प्रश्नपत्रिका सोडवावी. जेवण दीड-दोन तास आधी व बेताचे घ्यावे. रात्रीची निजण्याची वेळ मोडू नये. त्याने निमूट ऐकून घेतले व म्हणाला, "मामा, क्लासचा सराव पेपर तर रात्री आठला असतो!"

क्लासच्या वेळापत्रकाशी आपला पत्रव्यवहार असल्यास हा मुद्दा त्यांच्या दप्तरी दाखल करावा, ही विनंती. कळावे.

आपला आज्ञाधारक,
एक मामा