छेदमहाशयांस अनावृत पत्र

राजमान्य राजेश्री छेदमहाशय, मुक्काम आडव्या रेघेखाली, यांसी स. न. वि. वि.

कौशल्य-प्रशिक्षणाच्या कोणत्याही अहवालाचा गोषवारा उघडला की रेघेवर बसलेल्या अंशाच्या सत्काराने पाने भरून गेलेली दिसतात. परंतु अंशाला हे वैभव लाभले ते आपण वरिष्ठांचा नुसता डोळा पाहून वेळोवेळी आणि बिनतक्रार आपला देह आखडून घेतलात म्हणूनच, ही गोष्ट कोणीही कृतज्ञतेने नमूद करीत नाही. म्हणून हा पत्रप्रपंच.

प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेचेच दफ्तर पाहा. जुलै 2015 मध्ये सुरू झालेल्या या योजनेच्या पहिल्या आवृत्तीत सुमारे 19.85 लाख उमेदवार प्रशिक्षित झाल्याची आणि 2.53 लाखांना काम लागल्याची नोंद आहे. म्हणजे आपण पूर्ण देहानिशी उभे राहिलात तर यशाचे प्रमाण शेकडा तेरावरही पोचत नाही. असा आकडा खिशात घालून कोणता मंत्री दीपप्रज्वलनास जाईल? तेव्हा अर्ध्यावर वर्ग सोडणारे बाद, परीक्षेस न बसलेले बाद, बसून अनुत्तीर्ण झालेले बाद, अशी आपली छाटणी होत होत रेघेखाली केवळ ‘प्रमाणित’ उमेदवार उरतात. जो मुलगा तिसऱ्या आठवड्यात वर्ग सोडून गेला, तोच त्या वर्गाविषयी सर्वांत अधिक सांगू शकला असता, असे आम्हांस वाटते. पण आमच्या वाटण्याला दफ्तरात रकाना नाही.

आपली खरी किमया मात्र ‘पूर्वज्ञानाची मान्यता’ या सदरात दिसते. वर्षानुवर्षे हाती ओळंबा आणि थापी धरलेल्या गवंड्याला काही तासांचे उद्बोधन करून, त्याची चाचणी घेऊन, प्रमाणपत्र द्यावयाचे, हा उपक्रम स्वतःपुरता वाईट नाही. गंमत पुढे आहे. प्रशिक्षितांची भव्य बेरीज सांगावयाची असते तेव्हा हा गवंडी आपल्या कुटुंबात मानाने दाखल होतो, आणि किती जणांना काम मिळाले असे कोणी विचारले की त्याच क्षणी त्याला हलकेच उठविण्यात येते, कारण काम त्याला आधीपासूनच होते! पंगतीची पाने मोजताना धरावयाचा आणि दक्षिणेच्या वेळी विसरावयाचा, असा हा पाहुणा.

आपले एक थोरले बंधू आहेत, ‘एरवी काय झाले असते’ या नावाचे. त्यांना तर अहवालाच्या दारातही कोणी उभे करीत नाही. ऑर्ली अ‍ॅशेनफेल्टर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने 1978 साली दाखविले की प्रशिक्षणार्थींची मिळकत प्रशिक्षणाच्या आधीच खाली आलेली असते. अशी घसरलेली मिळकत पुष्कळदा काळाच्या ओघात आपसूक सावरते. ते सावरणे प्रशिक्षणाच्या खाती जमा केले की ‘आधी’ आणि ‘नंतर’ यांचा तक्ता डोळ्यांचे पारणे फेडतो.

भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी मात्र डिसेंबर 2025 मध्ये संसदेपुढे आलेल्या अहवालात आपल्या खाजगी जीवनात ढवळाढवळ केली. अल्पमुदतीच्या प्रशिक्षणातील प्रमाणितांपैकीही, म्हणजे आपण सर्वांत सडपातळ असतानाही, काम लागलेले 41 टक्केच निघाले. याहून अप्रशस्त प्रकार असा की दुसऱ्या व तिसऱ्या आवृत्तीतील 95,90,801 लाभार्थ्यांची नोंद तपासली तेव्हा 90,66,264 ठिकाणी बँक-खात्याचा रकाना रिकामा, शून्यांकित अथवा निरर्थक आढळला. आणि उरलेल्यांत 11111111111 असे एकलयीत लिहिलेले क्रमांकही होते. ज्या कारकुनाने अकरा वेळा तीच कळ दाबली, त्याच्या मनःशांतीचा आम्हांस हेवा वाटतो.

चौथ्या आवृत्तीपासून नोकरी लागल्याचा हिशेब पूर्वीसारखा ठेवण्याचा शिरस्ताच उरलेला नाही. उमेदवारांनी आपापल्या विविध वाटा निवडाव्यात, असे त्याचे सरकारी समर्थन आहे. अंशच नाहीसा झाल्यावर आपणास आखडण्याची तसदी कोण देणार? ही आपली सन्मानपूर्वक सेवानिवृत्तीच समजावी. निवृत्तिवेतनाचा अर्ज सत्वर रुजू करावा. बँक-खात्याच्या रकान्यात काय लिहावे याची चिंता करू नये, भरपूर पूर्वदाखले उपलब्ध आहेत.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
एक करदाता