तात्यांना थांबा लागतो

स्वारगेटच्या फलाटाला एसटी लागायच्या आधीच तात्यांना ती लागते, असं त्यांचे हितशत्रू सांगतात. साफ खोटं. चालत्या गाडीत तात्या ठणठणीत असतात. कात्रजच्या बोगद्यात त्यांचे खारे दाणे संपतात, खंबाटकीच्या वळणांवर मागच्या सीटवरची पोरं पिशवीत तोंड घालून बसलेली असताना तात्या शेजाऱ्याला राजकारण समजावत असतात. त्यांना लागतो तो थांबा. तोही चहाचा नव्हे. जिथे इतरांना काही बघायचं असतं, असा.

गाडी लागते म्हणजे कानातलं तोल सांभाळणारं यंत्र एक सांगतं, डोळे दुसरंच सांगतात आणि त्या दोघांच्या भांडणात पोट ढवळतं, असं डॉक्टर म्हणतात. तात्यांचा आजार त्यांच्या पुस्तकात नसावा. वाईला उतरायची वेळ झाली की तात्या शर्टाचं वरचं बटण सोडतात, हातरुमाल कपाळावर ठेवतात आणि डोळे मिटून म्हणतात, "तुम्ही जा. माझं काय, पडून राहीन." हे ते अशा आवाजात म्हणतात की चपला घालून निघालेली सात माणसं पुन्हा खाली बसतात. मग तात्यांचा बटवा उघडतो: आवळासुपारी, आलेपाक, लिंबू, अव्होमीन. ही गोळी प्रवासाआधी घ्यायची असते, पण तात्या ती पोचल्यावर घेतात.

त्यामुळे काकूंचा भूगोल जरा निराळा आहे. वाईचा ढोल्या गणपती त्यांनी पाहिलेला नाही, पण तिथल्या एका कंपाउंडरच्या मुलीचं लग्न कुठे ठरलं, ते त्यांना ठाऊक आहे. गणपतीपुळ्याचा समुद्र त्यांनी ऐकलाय. लॉजच्या खोलीतून.

गेल्या हिवाळ्यात मंडळींनी मुंबई-गोवा क्रूझ काढली. स्वारगेटहून दादर, तिथून बॅलार्ड पिअर. रात्री बोट डोलू लागली तशी भलीभली माणसं कठडे धरून उभी राहिली. तात्यांनी मात्र तिसरा गुलाबजाम घेतला. सकाळी मुरगाव बंदर आलं, शिडी लागली, आणि तात्या दारातल्याच खुर्चीत बसले. "अगं, जमीन हलतेय."

बोटीवरचा डॉक्टर म्हणाला, काहींना होतं असं. बोट सोडली तरी अंग डोलतच राहतं.

"पण यांनी अजून सोडलीये कुठे?" काकूंनी विचारलं.

"तुम्ही जा," तात्या क्षीण आवाजात म्हणाले. सात जणांनी सवयीनं टोप्या काढल्या. काकूंनी मात्र बटवा तात्यांच्या मांडीवर ठेवला, "अहो, लिंबू वरच आहे" एवढं सांगितलं आणि मंगेशीच्या बसमध्ये जाऊन बसल्या. खिडकीपाशी. तात्यांचा एक डोळा उघडला. ते वाक्य आजवर कुणी खरं मानलं नव्हतं. मागोमाग सातही जण गेले, टोप्या घालून.

तात्या दहा मिनिटांत बरे झाले. पण बोटीवर ते सांगायलाही कुणी नव्हतं. मग दुपारपर्यंत त्यांनी डॉक्टरलाच राजकारण समजावलं.

परतताना स्वारगेटची बस एक्स्प्रेस वेवर थांबली. तात्यांनी सवयीनं वरचं बटण सोडलं, रुमाल काढला आणि शेजारी पाहिलं, तर सीट रिकामी. काकू खाली वडापावच्या रांगेत तिसऱ्या. तात्यांनी बटण लावलं, खिडकी ठोठावली आणि काच उघडत नाही म्हटल्यावर थेट दारात येऊन ओरडले,

"माझ्या वड्यात चटणी जास्त सांग गं!"