मुक्कामकाका

हैदराबादच्या जामबागेतल्या मुक्कामकाकांना वेरूळ पाहून आल्याचं कौतुकानं सांगायला जाऊ नये. "पाहिलंत हो, पण उतरलात कुठं?" असं विचारून ते आपली हवाच काढून घेतात. लेणी, देवळं, समुद्र या त्यांच्या लेखी मुक्काम ठोकायच्या सबबी. शेगावचं भक्तनिवास म्हटलं की त्यांना आधी चादरी आठवतात, मग महाराज. तारकर्लीच्या हाउसबोटीत ते चपला घालूनच झोपले. बोट बुडालीच तर किनाऱ्यावर अनवाणी चालायला नको!

कमाल केली ती काचीगुड्याला. निजामाच्या काळातलं, १९१६ सालचं स्टेशन. तिथल्या विश्रामकक्षात राहायची त्यांना हौस. पण तिकिटाशिवाय खोली मिळत नाही. काकांनी नांदेडचं तिकीट काढलं, रात्रभर इंजिनांच्या शिट्ट्या ऐकल्या, सकाळी गाडीला हात केला आणि रिक्षानं घरी आले. काकूंनी चहा दिला, पण तिकिटाचे पैसे विचारले.

खोलीत शिरल्यावर काका आधी गादीत मूठ दाबतात, उशी हुंगतात, नळ सोडून गरम पाणी यायला किती वेळ लागतो ते घड्याळात बघतात. मग पिशवीतून सुतळी निघते आणि खिडकी ते खुंटी पंचे वाळायला लागतात. निघताना अभिप्रायाची वही मागून घेतात.

राहिलाय तो फलकनुमा. पायगाह घराण्याचा महाल, २०१० पासून हॉटेल, १०१ माणसं एका पंगतीला बसतील असं टेबल. काकांनी फोन लावून अदबीनं विचारलं, "आपल्याकडं कॉमन हॉलची सोय आहे का?"

पण याच काकांच्या दोन खोल्यांत कोठीच्या दवाखान्यांत आलेलं परभणी-लातूरकडचं कुणीतरी कायम उतरलेलं असतं. पाहुण्याला पलंग, काका गॅलरीत सतरंजीवर. पहाटे पाचला बादलीत कढत पाणी तयार. "उठा, उठा, पाणी निवतंय!" निघताना पाहुण्यापुढंही वही येते. परवा एका आजोबांनी थरथरत्या हातानं लिहिलं, "सोय उत्तम. माणसं देवासारखी. फक्त देवानं सातपर्यंत झोपू द्यावं."

काकांनी ते पान सगळ्या गल्लीला दाखवलं. 'उत्तम'खाली लाल रेघ मारून.