डुलता कमोड

नव्या फ्लॅटच्या ब्रोशरात संडासाला ‘प्रीमियम’ म्हणतात. ताबा मिळाला की हा प्रीमियम कमोड बसल्यावर डावीकडे कलतो, उठल्यावर कुरकुरत जागेवर येतो, आणि बुडाशी पाण्याची रेघ उमटते. बिल्डरचा माणूस येतो, ‘साहेब, जरा सरळ बसत जा’ असं सुचवतो आणि कडेने पांढरं सिमेंट फासून जातो. आत जमिनीत बोल्टच नाहीत, सांडपाण्याच्या पाइपाजवळचं रबर सरकलेलं. पाणी थांबत नाही, फक्त दिसेनासं होतं. थेट खालच्या मजल्यावर. मग तिथले काका ओल्या छताचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकतात आणि आरोपी आपण!

काम तसं किरकोळ. कमोड उचला, जुनं सिमेंट खरवडा, नवा कनेक्टर घाला, बोल्ट आवळा (बेताने, नाहीतर सिरॅमिकला तडा). रेरा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे ताब्यापासून ५ वर्षांत बांधकामातला असा दोष दाखवला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. हे कलम ऐकवलं की त्याचा माणूस लगबगीने पुन्हा हजर होतो. या खेपेला सिलिकॉनची ट्यूब घेऊन.