बिननेटचा दप्तरदार

वेबवरचे डॉक्युमेंटेशन आधी संगणकावर उतरवून घेणारा आणि मग ते टेक्स्ट एडिटरमध्येच वाचणारा गृहस्थ खानदेशात मुख्यतः दोन ठिकाणी आढळतो : जळगाव-धुळ्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत, आणि पुण्याची नोकरी घरी घेऊन आलेल्यांच्या वरच्या मजल्यावरील खोल्यांत. काळा पडदा, हिरवट अक्षरे आणि धूळ बसलेला माउस ही त्याची ओळखण्याची खूण. ब्राउझर त्याच्याकडेही असतो. तो वीजबिल भरण्यापुरता.

या जातीचा उगम भारनियमनाच्या काळातला. तेव्हा वीज असली की नेट नसे, नेट असले की वीज नसे. सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून पाने पेनड्राइव्हवर उतरवणे ही गरज होती. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, नेट स्वस्त झाले आणि गरज संपली. सवय मात्र राहिली, आणि तिला तत्त्वाचा दर्जा मिळाला. कारण विचारल्यास उत्तर ठरलेले असते : ‘नेट असलं का मन भरकटतं, भो.’

एडिटरवरून त्याचे दोन पंथ पडतात. पहिला व्हिम पंथ. ब्रॅम मोलेनार यांनी १९९१ मध्ये आणलेला हा एडिटर नुसता उघडला, तर पहिल्याच पडद्यावर युगांडातील गरीब मुलांना मदत करण्याचे आवाहन दिसते. पंथीयाने ते वर्षानुवर्षे भक्तिभावाने वाचलेले असते. मदत पाठवायची राहून गेलेली असते, कारण त्यासाठी ब्राउझर उघडावा लागतो. दुसरा ईमॅक्स पंथ. रिचर्ड स्टॉलमन यांच्या ग्नू ईमॅक्सची पहिली आवृत्ती १९८५ ची, आणि त्याची मार्गदर्शिका त्याच्या पोटातच असते. २०१४ च्या २४.४ आवृत्तीत ईमॅक्समध्ये चक्क ब्राउझरही आला, पण तो एडिटरच्या आत असल्याने पंथात त्याला ब्राउझर धरत नाहीत.

कार्यपद्धती सोपी आहे. डेव्हडॉक्ससारख्या संग्रहातून हव्या त्या भाषेची पाने आणि त्यांची सूची एकदाच उतरवून घ्यायची. पुढे शब्दावर कर्सर नेऊन कळ दाबली की त्या फंक्शनचे पान शेजारच्या चौकटीत उघडते. जाहिरात नाही, कुकीची परवानगी नाही, ‘हेही वाचा’ नाही. एका भाषेचे दप्तर सहसा काही मेगाबाइटांत मावते; लग्नातल्या हळदीचा व्हिडिओ त्याहून मोठा असतो.

एवढ्यावर गृहस्थ थांबत नाही. उन्हाळ्यात घरोघरी बिबडे वाळवून डबे भरावेत तशी तो भाषांची बेगमी करतो. काम पायथॉनचे असते, पण डब्यात हॅस्केल, अर्लँग आणि फोर्ट्रानही असतात. फोर्ट्रान कशाला, तर ‘लागलं तर?’

धुळ्याचा नमुना या संग्रहाला परंपरेचा आधार देतो. गावोगाव दप्तरे धुंडाळणारे इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या अखेरीस धुळ्यातच वारले, आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तिथेच उभे राहिले. शंकर श्रीकृष्ण देवांनी मठामठांतून जमवलेली रामदासी बाडेही धुळ्यातच, समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. आपण त्याच वाटेने चाललो आहोत, असे तो सांगतो. फरक इतकाच, की त्या मंडळींनी जमवलेले वाचलेही होते. जळगावचा नमुना परंपरेत पडत नाही. रावेर-सावद्याच्या केळी व्यापाऱ्याचे बिल निघेना आणि ट्रक भरून उभा राहिला, की वखारीत बसून त्याला उत्तर शोधावे लागते. त्याच्या दप्तरात म्हणूनच फोर्ट्रान नसतो.

दोघांचाही समान दोष म्हणजे आवृत्ती. एकदा उतरवलेले पान शिळे झाल्याचे पान स्वतः सांगत नाही. पायथॉनच्या ३.१२ आवृत्तीतून, म्हणजे ऑक्टोबर २०२३ मध्ये, डिस्टयुटिल्स हे मोड्यूल काढून टाकण्यात आले. गृहस्थाकडे ३.८ चे दप्तर असल्याने त्या मोड्यूलचा धडा साबूत असतो आणि तो त्यावर अजून अधिकाराने बोलतो.

जेसीबीने रस्त्याकडेची केबल तोडली, की त्याच्या वैभवाचा दिवस उगवतो. सारी गल्ली गॅलरीत येते. ‘माझं चालू आहे,’ असे तो शांतपणे जाहीर करतो. पाच मिनिटांत काकू दारात हजर होतात : ‘मग जरा चाळीसगावच्या गाडीचा टाइम बघून दे ना रे भाऊ.’ त्याच्या दप्तरात तारीख-वेळ हाताळणाऱ्या सगळ्या फंक्शनांची माहिती असते. गाडीची वेळ तेवढी नसते. काकू काळ्या पडद्याकडे पाहतात आणि त्याच्या आईला सांगतात, की कॉम्प्युटर बिघडलाय.

त्याची उपयुक्तता मात्र नाकारता येत नाही. नेट बंद ठेवून घेतलेल्या प्रात्यक्षिक परीक्षेत तोच एकटा घाम न पुसता बसतो. विद्यार्थ्याने मोबाइलवरून झटकन आणलेले उत्तर चालेनासे झाले, की मूळ पानावरची नेमकी अट तोच काढून दाखवतो. अशी दोन-चार कामे झाली, की दप्तर ताजे करण्याची उपरती त्याला होते. त्यासाठी नेट लागते, आणि आपले कनेक्शन तत्त्वासाठी काढून टाकलेले असल्याने ते काकूंकडून घ्यावे लागते.